पाचारण, ख्रिस्ती
माणसाचे नित्याचे काम आणि त्याच्या आयुष्यातील कठीण निर्णय ही दोन्ही ईश्वराच्या सेवेचीच क्षेत्रे आहेत, असे मानणारी ख्रिस्ती धर्मातील एक संकल्पना. ईश्वर माणसाला हाक मारतो व माणूस आपल्या जीवनाने त्या हाकेला उत्तर देतो, असा ‘पाचारण’ या शब्दाचा बायबलच्या मराठी भाषांतरांतून रूढ झालेला अर्थ आहे. ही हाक केवळ धर्मगुरूला किंवा संन्याशाला येते, की शेतकरी, कारागीर, गृहिणी आणि सैनिक यांनाही येते, हा या संकल्पनेच्या इतिहासातील पहिला मोठा प्रश्न होय. दुसरा प्रश्न अधिक बिकट आहे : नेमून दिलेले कामच जेव्हा अन्यायाचे साधन बनते, तेव्हा ईश्वराचा मान ते काम चोख करण्यात आहे, की ते नाकारण्यात? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्ती परंपरेने सोळाव्या शतकापर्यंत बरेचसे निश्चित केले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र प्रत्येक पिढीतील काही व्यक्तींना स्वतःच्या जोखमीवर शोधावे लागले.

बायबलमधील आधार : जुन्या करारात श्रम ही हीन गोष्ट मानलेली नाही. उत्पत्तीच्या कथेत ईश्वर स्वतः सहा दिवस काम करतो व सातव्या दिवशी विसावा घेतो. पहिल्या माणसाला बागेची मशागत व राखण करण्याचे काम मिळते, ते त्याच्या पतनापूर्वीच. कष्ट व घाम हे पतनानंतरचे शाप असले, तरी काम हा शाप नव्हे. हिब्रू भाषेतील ‘अवोदा’ हा शब्द शेतातील कष्टासाठी आणि मंदिरातील उपासनेसाठी असा दोन्ही अर्थांनी योजला जातो. नव्या करारात येशू हा सुतार असल्याचा उल्लेख येतो. सेंट पॉल हे तंबू तयार करण्याचा व्यवसाय करीत आणि धर्मप्रचार करीत असतानाही आपल्या उदरनिर्वाहाचा भार शक्यतो इतरांवर पडू देत नसत. खाणेपिणे असो वा अन्य कोणतेही कृत्य असो, ते ईश्वराच्या गौरवार्थ करावे, असा उपदेश त्यांनी करिंथ येथील मंडळीला केला.

हा उपदेश कोणत्या संदर्भात आला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. मूर्तीपुढे ठेवलेले मांस बाजारात विकले जाई. ते ख्रिस्ती माणसाने खावे की नाही, हा करिंथच्या मंडळीपुढील वादाचा विषय होता. म्हणजे रोजच्या जेवणाचा प्रश्न हाच त्यांच्यापुढील कठीण निर्णय होता. पॉल यांनी सरसकट बंदी घातली नाही वा सरसकट मुभाही दिली नाही. आपल्या वागण्याने दुसऱ्या दुर्बळ माणसाच्या सदसद्विवेकबुद्धीला धक्का बसतो का, हे पाहून निर्णय करावा, असे त्यांनी सांगितले. शासनसंस्थेविषयीही नव्या करारात दोन विचार शेजारी-शेजारी आढळतात. रोम येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात सत्ताधाऱ्यांच्या अधीन राहण्याचा आदेश आहे. तर ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात माणसांपेक्षा ईश्वराची आज्ञा मानणे आवश्यक असल्याचे पीटर व इतर प्रेषित न्यायसभेला ठणकावून सांगतात. पुढील सर्व इतिहासात हे दोन विचार परस्परांशी झुंजत राहिलेले दिसतात.

आरंभीचा कालखंड : पहिल्या तीन शतकांत रोमन साम्राज्यातील ख्रिस्ती लोक अल्पसंख्य होते. रोमन जीवनात बाजार, सैन्य, न्यायालय, शाळा आणि रंगभूमी या सर्वांचा देवपूजेशी संबंध येई. त्यामुळे कोणता व्यवसाय करावा, हाच प्रश्न निष्ठेचा ठरत असे. उत्तर आफ्रिकेतील लेखक टर्टलियन (सु. १६०–सु. २२५) यांनी मूर्तिपूजेवरील आपल्या प्रबंधात मूर्तिकार, ज्योतिषी, शिक्षक, धूपाचे व्यापारी अशा अनेकांच्या व्यवसायांची छाननी केली असून ‘पोटासाठी करावे लागते’ ही सबब त्यांनी अमान्य केली आहे. हिपॉलिटस यांच्या नावावर मोडणाऱ्या ‘प्रेषितीय परंपरा’ या ग्रंथात बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्यांनी कोणते व्यवसाय सोडले पाहिजेत, याची यादीच आहे. तीत वेश्यागृहाचा चालक व ग्लॅडिएटर यांचा समावेश होतो. बिथिनियाचा प्रांताधिकारी प्लिनी याने सु. ११२ मध्ये सम्राट ट्रेजनला लिहिलेल्या पत्रावरून असे दिसते, की सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप व मद्य अर्पण करणे ही आरोपी ख्रिस्ती आहे की नाही हे ठरविण्याची कसोटी होती. चिमूटभर धूप टाकण्याच्या क्षुल्लक कृतीवर जीवनमरण अवलंबून असे.

चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्माला राजमान्यता दिली आणि परिस्थिती पालटली. छळाचे भय गेले, परंतु त्याबरोबर निष्ठेची कसोटीही सौम्य झाली. सीझरियाचे बिशप युसीबिअस यांनी ख्रिस्ती जीवनाचे दोन मार्ग सांगितले : एक विवाह, संपत्ती व व्यवहार यांच्या पलीकडचा, संपूर्णपणे ईश्वराला वाहिलेला, आणि दुसरा शेती, व्यापार, सैन्य व संसार यांत गुंतलेल्यांचा, म्हणजे दुय्यम प्रतीचा. या विभागणीचा प्रभाव पुढे सु. हजार वर्षे टिकला. पाचारण म्हणजे मठाचे वा धर्मगुरुपदाचे पाचारण, असा अर्थ रूढ झाला.

मठजीवन व श्रम : विशेष म्हणजे ज्या मठसंस्थेमुळे ही दरी वाढली, त्याच संस्थेने हाताने करावयाच्या कामाला प्रतिष्ठाही मिळवून दिली. ग्रीक व रोमन उच्चवर्गीयांच्या दृष्टीने शारीरिक श्रम हे गुलामांचे काम होते. संत बेनेडिक्ट (सु. ४८०–सु. ५४७) यांनी इटलीतील मॉन्ते कासीनो येथील आपल्या मठासाठी जी नियमावली लिहिली, तिच्या ७३ प्रकरणांत प्रार्थना, वाचन आणि श्रम यांचे दिवसाचे वेळापत्रक घालून दिलेले आहे. मठाच्या कोठाराची व्यवस्था पाहणाऱ्याने तेथील भांडीकुंडी व अवजारे यांची निगा वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणे राखावी, असे त्यांनी सांगितले. आठवड्याचे स्वयंपाकाचे काम पाळीपाळीने सर्वांकडे येई. ‘प्रार्थना आणि श्रम’ हे बेनेडिक्टपंथीयांचे म्हणून प्रसिद्ध असलेले ब्रीद त्या नियमावलीत शब्दशः नाही. ते उत्तरकालीन असले, तरी तिच्या आशयाशी सुसंगत आहे.

कठीण निर्णयांविषयीही या नियमावलीत एक लक्षणीय तरतूद आहे. मठापुढे महत्त्वाचा प्रश्न उभा राहिला, तर मठाधिपतीने सर्वांना एकत्र बोलवावे, प्रत्येकाचे मत ऐकावे, त्यातही सर्वांत धाकट्याचे मत वगळू नये, कारण अनेकदा ईश्वर उत्तम मार्ग धाकट्यालाच दाखवितो. मग स्वतः विचार करून निर्णय द्यावा. निर्णयाचा अधिकार मठाधिपतीचा, पण सर्वांचे ऐकून घेण्याचे बंधनही त्याच्यावरच, असा हा तोल आहे. उत्तर मध्ययुगात जर्मन गूढवादी माइस्टर एक्हार्ट (सु. १२६०–सु. १३२८) यांनी शुभवर्तमानातील मार्था व मरिया या बहिणींच्या कथेचा रूढीहून वेगळा अर्थ लावला. येशूच्या पायांशी बसलेल्या मरियेपेक्षा घरकामात गुंतलेली मार्था ही आध्यात्मिक दृष्ट्या अधिक परिपक्व होती, असे त्यांनी एका प्रवचनात प्रतिपादन केले.

ल्यूथर व धर्मसुधारणा : मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) यांनी युसीबिअस यांच्या काळापासून चालत आलेली दोन मार्गांची विभागणी मुळापासून नाकारली. सर्व श्रद्धावंत हे बाप्तिस्म्याने याजकच असतात. त्यांच्यात फरक असतो तो कामाचा, दर्जाचा नव्हे, हे त्यांचे मत १५२० मधील त्यांच्या लेखनात स्पष्ट झाले आहे. मठाच्या व्रतांवर त्यांनी १५२१ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहून टीका केली. बायबलच्या जर्मन भाषांतरात त्यांनी ‘बेरूफ’ हा शब्द पाचारण व व्यवसाय या दोन्ही अर्थांनी वापरला. विवाहाविषयीच्या १५२२ मधील लेखनात ते म्हणतात, की बाळाची लंगोटी धुणाऱ्या बापाला शेजारीपाजारी हसतील. पण तो ते काम श्रद्धेने करीत असेल, तर ईश्वर व त्याचे देवदूत प्रसन्न होतील. ईश्वराला माणसाच्या सत्कृत्यांची गरज नाही, ती गरज शेजाऱ्याला आहे, हा त्यांच्या विचाराचा गाभा होय. चांभाराने आपल्या वहाणेवर क्रूस कोरण्याची जरुरी नाही. ती वहाण घालणाऱ्याच्या पायाला नीट बसली, की सेवा घडली, असे हे तर्कशास्त्र आहे.

या विचाराच्या मर्यादाही ल्यूथर यांच्याच काळात उघड झाल्या. ज्याने त्याने आपापल्या स्थितीत राहून सेवा करावी, या शिकवणुकीतून विद्यमान समाजरचना हीच ईश्वराची योजना ठरण्याचा धोका होता. १५२४-२५ मध्ये जर्मन शेतकऱ्यांनी वेठबिगार व जुलमी करांविरुद्ध उठाव केला, तेव्हा त्यांनी बायबलचाच आधार घेतला होता. ल्यूथर यांनी प्रारंभी सरदारांनाही दोष दिला. तथापि हिंसाचार वाढताच उठाव निष्ठुरपणे मोडून काढण्याचे आवाहन त्यांनी राज्यकर्त्यांना केले. शेतकऱ्यांची प्रचंड कत्तल झाली. दुसरीकडे याच ल्यूथर यांनी १५२१ मध्ये व्होर्म्स येथील राजसभेत सम्राटासमोर आपले लेखन मागे घेण्यास नकार दिला होता. राजा अन्याय्य युद्ध करीत असल्याची सैनिकाला खात्री असेल, तर त्याने राजापेक्षा ईश्वराचे भय बाळगावे व लढू नये, असेही त्यांनी १५२६ मध्ये लिहिले. आज्ञापालन आणि नकार हे दोन्ही प्रवाह अशा रीतीने त्यांच्या वारशात राहिले. पुढील काळात जर्मनीत त्यांपैकी पहिलाच प्रबळ ठरला.

कॅल्व्हिन, प्यूरिटन व संपत्तीचा प्रश्न : जॉन कॅल्व्हिन (१५०९–६४) यांनी पाचारणाकडे सैनिकाला नेमून दिलेल्या ठाण्याप्रमाणे पाहिले. माणसाने अस्थिरपणे वाहवत जाऊ नये, यासाठी ईश्वराने प्रत्येकाला त्याचे ठिकाण दिले आहे आणि त्या जाणिवेने केलेले कोणतेही हलके काम ईश्वराच्या दृष्टीने मोलाचे ठरते, असा त्यांचा विचार होता. इंग्लंडमधील प्यूरिटन धर्मवेत्ते विल्यम पर्किन्झ (१५५८–१६०२) यांनी ख्रिस्ताचा अनुयायी होण्याचे ‘सामान्य पाचारण’ आणि विशिष्ट व्यवसायाचे ‘विशेष पाचारण’ असा भेद केला. विशेष पाचारण सामान्य पाचारणाच्या विरोधात जात असेल, तर विशेष पाचारणाने माघार घ्यावी, हा त्यातील महत्त्वाचा नियम होय. व्यवसाय प्रामाणिक असून भागत नाही. तो समाजाच्या हिताचाही असला पाहिजे, अशी त्यांची अट होती.

उद्योगशीलता, काटकसर व वेळेचा हिशेब यांवर प्यूरिटन शिकवणुकीत भर असल्यामुळे अनेकांकडे संपत्ती साठत गेली. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी १९०४-०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या नीतीचा आधुनिक भांडवलशाहीच्या प्रेरणेशी संबंध जोडला. श्रद्धा ओसरल्यावर कामाची शिस्त तेवढी उरली आणि ती माणसाला जखडून टाकू लागली, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांच्या उपपत्तीवर इतिहासकारांनी अनेक आक्षेप घेतले आहेत. भांडवलशाही व्यवहार धर्मसुधारणेपूर्वीच इटलीतील नगरांत विकसित झाले होते, हा त्यांपैकी एक प्रमुख आक्षेप. तथापि हा धोका धर्मोपदेशकांनाही जाणवला होता. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली (१७०३–९१) यांनी पैशाच्या विनियोगावरील प्रवचनात मिळविणे व वाचविणे यांच्या जोडीला देऊन टाकणे ही तिसरी पायरी अपरिहार्य मानली. त्यांच्या मते ती गाळली, तर पहिल्या दोन पायऱ्या माणसाला नाशाकडे नेतात.

निर्णयाच्या पद्धती : नित्याच्या कामाविषयीच्या या विचाराबरोबरच कठीण निर्णय कसा करावा, याविषयीही निरनिराळ्या पद्धती विकसित झाल्या. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लॉयोला (१४९१–१५५६) हे १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत जखमी होऊन अंथरुणाला खिळले. त्या काळात त्यांना स्वतःविषयी एक गोष्ट आढळून आली. शौर्याच्या व दरबारी वैभवाच्या कल्पनांत रमल्यावर मागे रितेपणा उरतो. संतांच्या जीवनाचा विचार केल्यावर मात्र समाधान टिकून राहते. मनाच्या या हालचालींची पारख हा त्यांच्या १५४८ मध्ये छापल्या गेलेल्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाचा पाया होय. निर्णय घेण्यापूर्वी दोन्ही पर्यायांविषयी तटस्थ व्हावे. दोहोंचे लाभ व हानी मांडून पाहाव्यात. अनोळखी माणसाने हाच प्रश्न विचारला असता आपण काय सल्ला दिला असता, याचा विचार करावा. मृत्युशय्येवर असताना आपल्याला कोणता निर्णय घेतलेला आवडेल, हे मनापुढे आणावे, असे उपाय त्यांनी सुचविले. दिवसभरातील वागणुकीचे नित्य परीक्षण हा त्यांच्या साधनेचा भाग असल्यामुळे मोठा निर्णय रोजच्या सवयीपासून तुटलेला राहत नाही.

सोळाव्या व सतराव्या शतकांत विशिष्ट प्रसंगांतील कर्तव्याची चर्चा करणारी धर्मसंकटमीमांसा कॅथलिक व प्रॉटेस्टंट या दोन्ही पंथांत भरभराटीला आली. तिच्यातील अतिसूक्ष्म भेदांमुळे कोणत्याही कृत्याला पळवाट सापडू शकते, अशी कठोर टीका फ्रेंच विचारवंत ब्लेझ पास्काल यांनी १६५६-५७ मधील आपल्या पत्रमालिकेत केली. याच शतकात पॅरिस येथील कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स (सु. १६१४–९१) नावाचे एक साधे मठबंधू स्वयंपाकघरात काम करीत होते. मुळात हे काम त्यांना आवडत नसे. भांड्यांच्या गडबडीतही ईश्वराच्या सान्निध्याची जाणीव प्रार्थनागृहातल्याइतकीच राखता येते, हे त्यांनी स्वानुभवाने सांगितले. त्यांची संभाषणे व पत्रे मरणोत्तर प्रसिद्ध झाली आणि त्यांचे वाचक कॅथलिकांपेक्षाही प्रॉटेस्टंटांत अधिक झाले.

गुलामगिरीचा प्रश्न : सेवकांनी मनापासून, ईश्वरासाठी म्हणून काम करावे, हा नव्या करारातील प्रसिद्ध उपदेश मूलतः गुलामांना उद्देशून केलेला आहे. अमेरिकेतील गुलामांच्या मालकांनी व त्यांच्या धर्मोपदेशकांनी त्याचा पुरेपूर उपयोग करून घेतला. पाचारणाच्या कल्पनेचा हा सर्वांत लांच्छनास्पद वापर होय. त्याच बायबलच्या आधारे गुलामगिरीला विरोध करणाऱ्यांत जॉन वुलमन (१७२०–७२) यांचे स्थान महत्त्वाचे आहे. न्यू जर्सीतील हे क्वेकर तरुण एका दुकानदाराकडे कारकुनी करीत असता मालकाने त्यांना एका कृष्णवर्णीय स्त्रीचे विक्रीखत लिहावयास सांगितले. मालकाची आज्ञा, खरेदीदार आपल्याच पंथाचा वृद्ध गृहस्थ आणि लेखन हे तर आपले रोजचेच काम, अशा पेचात त्यांनी ते खत लिहिले. पण गुलाम बाळगणे ख्रिस्ती धर्माशी विसंगत असल्याचे आपले मत त्यांनी त्याच वेळी दोघांना सांगितले. पुढे तशी खते लिहिण्याचे त्यांनी नाकारले. मृत्युपत्रात गुलामांची वाटणी असेल, तर तेवढा भाग ते लिहीत नसत. त्यामुळे उत्पन्न बुडे, पण लिहून घेणाऱ्याशी बोलणे निघे आणि काहींनी आपल्या गुलामांना मुक्तही केले.

वुलमन यांनी पुढे स्वतःचे भरभराटीचे दुकान बंद करून शिंपीकाम व फळबागेवर निर्वाह केला; व्यापाराचा पसारा वाढला की मनाला सत्य ऐकू येईनासे होते, असे त्यांना वाटे. गुलामांच्या श्रमातून येणारी साखर त्यांनी वर्ज्य केली आणि कापड रंगविण्याच्या प्रथेला नकार म्हणून न रंगविलेले कपडे ते वापरू लागले. गुलामांच्या मालकांकडे पाहुणचार घेण्याची वेळ आल्यास तेथील गुलामांना ते त्यांच्या कामाचा मोबदला देत. क्वेकरांच्या सभेत मतदान नसते. सर्वांची मने एका निर्णयाशी येईपर्यंत मौनात थांबावे लागते. त्यामुळे हा बदल संथ गतीने झाला. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने १७५८ मध्ये गुलामांच्या मालकांना भेटून समजावण्याचे ठरविले आणि १७७६ मध्ये गुलाम बाळगणाऱ्यांना सभासदत्वातून वगळण्याचा निर्णय घेतला. वुलमन त्यापूर्वीच इंग्लंडमध्ये यॉर्क येथे देवीच्या रोगाने मरण पावले होते. इंग्लंडमध्ये विल्यम विल्बरफोर्स (१७५९–१८३३) यांनी १७८५ च्या सुमारास धार्मिक जागृतीनंतर राजकारण सोडण्याचा विचार केला होता. पूर्वी गुलामांच्या जहाजांवर काम केलेले धर्मोपदेशक जॉन न्यूटन यांनी त्यांना संसदेतच राहण्याचा सल्ला दिला. ब्रिटिश संसदेने १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार व १८३३ मध्ये गुलामगिरी बंद करण्याचे कायदे केले. एकाचे पाचारण नेहमीच्या लेखणीला नकार देण्याचे होते, तर दुसऱ्याचे आपल्या जागी टिकून राहण्याचे.

महाराष्ट्रातील रूप : महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात मिशनांच्या कार्यातून ही कल्पना आली. संतपरंपरेमुळे येथे तिला पूर्वतयारी होती. सावता माळी यांचा मळा, गोरा कुंभार यांची माती ही त्यांच्या भक्तीची स्थाने होती. तथापि व्यवसाय जन्माने ठरविणारी जातिव्यवस्था समोर असल्यामुळे ‘आपल्या स्थितीत राहावे’ या उपदेशाला येथे वेगळाच अर्थ प्राप्त होण्याचा धोका होता. अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) व आसपासच्या भागात शाळा काढल्या आणि हस्तव्यवसायांचे शिक्षण दिले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतून आलेल्या ख्रिस्ती लोकांना त्यामुळे वंशपरंपरागत कामाबाहेरचे, शिक्षक वा कारागीर म्हणून जगणे काही प्रमाणात शक्य झाले. पाचारण हे जन्माने मिळालेल्या स्थितीशी बांधून न राहता ती ओलांडण्याचे साधन बनले, हे या प्रदेशातील विशेष होय.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण तेथील धर्माधिकाऱ्यांचे प्रत्येक मत मान्य करण्यास त्यांनी नकार दिला आणि आपल्या सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य राखले. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदासदन सुरू केले, ते पुढे पुण्यास हलविले. तेथे कोणावरही धर्माची सक्ती नव्हती. मात्र रमाबाई स्वतःची प्रार्थना उघड्या दाराने करीत आणि काही मुली येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून वादळ उठले. हिंदू समाजाच्या विश्वासावर चाललेल्या संस्थेत असे घडू नये, हा सुधारकांचा आक्षेप त्यांच्या दृष्टीने रास्त होता; न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी सल्लागार संस्थेपासून दूर झाले. आपल्या घरातील नित्याची प्रार्थना लपवावी की मोलाचे साहाय्य गमवावे, या पेचात रमाबाईंनी दार उघडेच ठेवले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतांत जाऊन शेकडो मुली व स्त्रियांना आणले आणि केडगाव येथील मुक्तिसदनात त्यांची सोय केली. तेथे शेती, विणकाम, दुग्धव्यवसाय, छपाई ही कामे स्त्रियाच करीत. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतरही त्याच छापखान्यात त्यांच्याच हातांनी छापले गेले.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनाही अनेक वर्षांच्या ताटातुटीने मोजावी लागली. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आपल्या बदलाची हकीकत सांगितली आहे. जातिभेद हा ईश्वराने केला की माणसाने, या विचारातून त्यांनी प्रथम कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये झाला. चुलीपाशी व पाण्याच्या घड्यापाशी केलेला निश्चय हीच त्यांच्या धर्मांतराची खरी सुरुवात होती. टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ ही मंडळी स्थापन केली. ख्रिस्तभक्ती ही भारतीय जीवनातून व मराठी भजनातून प्रकट झाली पाहिजे, या आग्रहापायी त्यांनी उतारवयात निश्चित उत्पन्नाचा त्याग केला.

विसाव्या शतकातील कसोटी : नाझी राजवटीत (१९३३–४५) पाचारणाच्या कल्पनेची सर्वांत कठोर परीक्षा झाली. आपले नेमून दिलेले काम चोख करणे हीच ईश्वरसेवा, असे शिकलेले असंख्य अधिकारी, कारकून आणि सैनिक त्या यंत्रणेचे भाग बनले. डीट्रिख बोनहोफर (१९०६–४५) या ल्यूथरपंथी धर्मवेत्त्याने १९३७ मधील आपल्या ग्रंथात ल्यूथर यांच्या शिकवणुकीचा विपर्यास झाल्याचे दाखविले. संसारात राहून ख्रिस्ताचे अनुसरण करावे, या मूळ विचाराऐवजी संसार आहे तसाच पवित्र होय, असा सोयीस्कर अर्थ लावला गेला, असे त्यांचे म्हणणे होते. पाचारण म्हणजे केवळ व्यवसायाची कर्तव्ये नव्हेत. वैद्य रुग्णाच्या शेजारी सेवा करतो, पण मानवी जीवनावरच संकट आले असता उघडपणे त्याला विरोध करणे हीसुद्धा त्याची जबाबदारी ठरू शकते, असे त्यांनी ‘नीतिशास्त्र’ या अपूर्ण ग्रंथात म्हटले आहे. १९३९ मध्ये अमेरिकेत सुरक्षित राहण्याची संधी सोडून ते जर्मनीत परतले आणि हिटलरविरोधी कटात सामील झाले. असे कृत्य निर्दोष असल्याचा दावा त्यांनी केला नाही. जबाबदार माणसाला दोषाचा भारही उचलावा लागतो, अशी त्यांची धारणा होती. ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फ्लॉसनबुर्ग येथे फाशी देण्यात आले.

ऑस्ट्रियातील सांक्ट राडेगुंड या खेड्यातील कॅथलिक शेतकरी फ्रान्झ येगरश्टेटर (१९०७–४३) यांच्याजवळ विद्वत्ता किंवा प्रतिष्ठा नव्हती. शेती, तीन मुलींचा संसार आणि गावच्या चर्चमधील सेवकाचे काम हे त्यांचे जग होते. १९३८ मध्ये जर्मनीशी विलीनीकरणाच्या सार्वमतात त्यांनी विरोधी मत दिले. हिटलरचे युद्ध अन्याय्य असल्याची खात्री झाल्यावर १९४३ मध्ये त्यांनी लष्करी सेवेस नकार दिला. कुटुंबाकडे पाहावे व आज्ञा मानावी, असा सल्ला त्यांच्या बिशपनेही दिला होता. पत्नी फ्रान्झिस्का यांना परिणाम ठाऊक होता, तरी अखेरीस त्या त्यांच्या पाठीशी राहिल्या. ९ ऑगस्ट १९४३ रोजी ब्रांडेनबुर्ग येथे त्यांचा शिरच्छेद करण्यात आला. त्यानंतर अनेक वर्षे त्यांच्या गावातील पुष्कळांना हे बलिदान म्हणजे कुटुंबाविषयीची बेपर्वाई वाटत होती. कॅथलिक चर्चने २००७ मध्ये त्यांना ‘धन्य’ घोषित केले.

आधुनिक विचार व मूल्यमापन : दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) पावित्र्याचे पाचारण सर्वांनाच असते, हे तत्त्व १९६४ मध्ये अधिकृतपणे मांडले. श्रद्धा व नित्यजीवन यांच्यातील फारकत ही या युगातील गंभीर चुकांपैकी एक होय, असे १९६५ मधील दस्तऐवजात तिने नमूद केले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ मध्ये श्रमाविषयी काढलेल्या परिपत्रकात कामाचे मोल हे उत्पादित वस्तूवरून नव्हे, तर काम करणाऱ्या माणसावरून ठरते, असे प्रतिपादन केले. अशा रीतीने ल्यूथर यांच्या बंडाचा एक प्रमुख मुद्दा चार शतकांनंतर कॅथलिक शिकवणुकीतही स्थिर झाला. दुसऱ्या बाजूने, यंत्रवत व अपमानकारक कामालाही पाचारण म्हणणे म्हणजे शोषणाला धार्मिक मुलामा देणे होय, ही टीका प्रॉटेस्टंट धर्मवेत्त्यांनीही केली आहे.

या इतिहासावरून असे दिसते, की कामाला पावित्र्य देणारी शिकवण एकटी पुरेशी ठरत नाही. ती गुलामाच्या मालकालाही उपयोगी पडली आणि हुकूमशहालाही. जेथे ‘हे काम कोणाच्या उपयोगी पडते व कोणाला इजा करते’ हा प्रश्न जागा राहिला, तेथेच तिचे सत्त्व टिकले. तसेच कठीण निर्णय हे बहुधा अकस्मात उद्भवलेले नसतात. वुलमन यांच्यापुढील विक्रीखत, रमाबाईंची उघड्या दाराची प्रार्थना, लक्ष्मीबाईंनी घेतलेले पाणी आणि येगरश्टेटर यांना आलेला भरतीचा हुकूम या साऱ्या गोष्टी त्यांच्या नित्याच्या जीवनक्रमातच त्यांच्यासमोर आल्या. रोजच्या लहान कामांत ज्यांनी आपली सदसद्विवेकबुद्धी जागी ठेवली होती, त्यांना त्या प्रसंगी तिचा आवाज ओळखता आला.